वाकड्या तोंडाची शीळ

सत्तरी ओलांडलेल्या बाईने मूर्खपणा करू नये असा काही नियम नाही. पण मी केला तसला मूर्खपणा माझ्यासारख्या बाईलाच सुचतो. माझी शीळ हरवली आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

चष्मा हरवला तर मी सगळं घर डोक्यावर घेते. शीळ हरवली तेव्हा मात्र गप्प. कारण ‘माझी शीळ गेली’ म्हणायचं तर आधी ‘मी शीळ घालते’ हे कबूल करावं लागलं असतं. लग्न होऊन पेणला आल्यापासून ते मी कुणाजवळ कबूल केलेलं नव्हतं.

रामवाडीतल्या आमच्या घरामागे चार झाडं आहेत. जास्वंद, कढीपत्ता, एक हट्टी लिंबू आणि एक नाव नसलेलं. सकाळी आमचे हे दूध आणि पेपर आणायला गेले, मुलगा संदीप शिफ्टला निघाला आणि सूनबाई डब्याच्या गडबडीत असली की मी झाडांना पाणी घालायला मागच्या दारी जाते आणि शीळ घालते. गाणं नाही, काही नाही. एक लांब शीळ, वर चढून हळूच खाली उतरणारी. शेजारी ऐकत असतील तर त्यांना वाटत असेल, पक्षी आहे. मीही तशी समजूत करून घेतली होती, की मी त्या वेळेपुरती पक्षीच.

आषाढातली सकाळ होती. ओठांचा चंबू केला, फुंकलं, आणि उजव्या कोपऱ्यातून नुसती हवा गेली. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून जाते तशी. मला वाटलं, कवळीचा दोष. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चूळ भरताना पाणी हनुवटीवर आलं तेव्हाही मी कवळीलाच शिव्या घातल्या. दुपारी मनीषा, माझी सून, म्हणाली, “आई, चहा सांडतोय तुमचा.”

“कवळी सैल झालीय गं. जाऊ सवडीनं डॉक्टरकडे.”

सवड! जशी काही दिल्लीला माझ्यावाचून सभा अडली होती. तिसऱ्या सकाळी तोंड धुताना साबण उजव्या डोळ्यात गेला, कारण डोळा मिटलाच नाही. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुणीतरी दोरी सोडून दिलेल्या पडद्यासारखा.

म्हणून हे वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते, पुढचं वाचा किंवा नका वाचू. ओठ, डोळा, गाल, काहीही एका बाजूला ढिलं पडलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कशामुळे झालं ते त्यांना ठरवू द्या. आपण कवळीवर ढकलू नये.

*

शीळ कुठून आली ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला थेरं सुचतात.

माझं माहेर रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात भात, मागाहून वाल. आमच्याकडे बैलाला पाणी दाखवलं की शीळ घालायची. हळू, एकसुरी. बैल तोंड लावतो, शीळ ऐकत पितो, शीळ थांबली की मान वर करून बघतो. भाऊ शाळेत जायचे म्हणून हे काम माझ्याकडे आलं. वडील म्हणायचे, “बैलाला बाप्याची शीळ नि पोरीची शीळ येगळी कळत नाय. मानसाला कळते. तवा मानसांपुढं घालू नको.”

पण मी ऐकणारी नव्हते. झोडणी झाली की खळ्यावर भात वारवायचं. उंचावरून सूप हलवायचं, दाणा खाली पडतो, फोलपट वाऱ्याने उडतं. वारा पडला की बाप्ये शीळ घालून त्याला बोलवायचे. एकदा सगळ्यांच्या शिळा संपल्या, वारा काही येईना. मी मागे उभी होते. मी घातली, आणि खरंच वारा आला!

झालं. त्या दिवसापासून कुंडलिकेच्या खोऱ्यातला सगळा वारा आपल्या चाकरीला आहे अशी त्या पोरीची खात्री झाली. नाकाला शेंबूड, फ्रॉकचं बटण तुटलेलं, आणि ऐट वाऱ्याच्या मालकिणीची. कुणाची गोधडी वाळत नसली की ही जाऊन विचारणार, “पाठवू का थोडा?” आज ती पोर समोर आली तर मी तिचं नाक पुसेन आणि म्हणेन, बाई, वारा यायचाच होता, तू फक्त वेळेवर तोंड उघडलंस.

सासरी आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, “घरात शीळ घातली की साप येतो, नि बाईनं घातली तर लक्ष्मी जाते.” सापाच्या भीतीने मी वर्षभर ओठ शिवून बसले. मग यांना कंपनीत रात्रपाळी लागली, सासूबाई दिवसा डुलक्या घ्यायला लागल्या, आणि मी मागच्या दारी एकदा हळूच घालून बघितली. साप आला नाही. लक्ष्मी तशीही आमच्याकडे फार बसून नव्हती. तेव्हापासून ही चोरटी शीळ.

*

डॉक्टर तरुण होते. माझ्याबरोबर संदीप, मनीषा आणि हे, असा मोर्चाच आत शिरला.

“आजी, कपाळाला आठ्या घाला.” डाव्या बाजूला पडल्या.

“डोळे घट्ट मिटा.” एक मिटला.

“दात दाखवा.”

“तोंडातले दाखवू की काढून दाखवू?” मी म्हटलं. माझं हसू डावीकडेच गेलं. आरसा नव्हता, पण मनीषाच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

“आता शीळ घाला.”

खोलीत एकदम शांत झालं. म्हणजे तसं मला वाटलं. पंखा फिरत होता, बाहेर कंपाउंडर कुणाला तरी नंबरावरून ओरडत होता. पण मला वाटलं, सासूबाई भिंतीतून कान लावून उभ्या आहेत.

संदीप हसला. “डॉक्टर, आमची आई कसली शीळ घालते!”

“आमच्यात बायका शीळ घालत नाहीत,” मी म्हटलं. अगदी मान ताठ करून. वाकड्या तोंडाने मान ताठ करून.

“नुसता ओठांचा चंबू करा. हां. फुंका.” हवा गेली. “आधी यायची का?”

“छे!”

“हे कधीपासून आहे?”

“आज सकाळपासून.”

मनीषा म्हणाली, “आई, काल चहा सांडत होता ना?”

संदीप तिच्याकडे वळला. “काल? आणि तू मला आज सांगतेस? घरात असतेस ना दिवसभर?”

ती बिचारी खाली बघायला लागली. मी काही बोलले नाही. दाराशी हे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, वळले आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. मला वाटलं, या तोंडाकडे बघवत नाही त्यांना.

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतलं काही नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे. इंग्रजी नाव सांगितलं, बेल्स पाल्सी. औषध द्यायचं, पण त्याने साखर वाढते आणि माझी आधीच वाढलेली, म्हणून थोडे दिवस दवाखान्यात राहायचं.

“परत येईल ना तोंड?” संदीपने विचारलं. मी विचारायला हवं होतं ते.

“बहुतेकांचं येतं. पण आईंचं वय आणि शुगर बघता पूर्ण येईल असं आज मी सांगणार नाही.”

*

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर जानकी होती. खाडीकडच्या गावातली, सगळी हयात मिठागरात गेलेली, दम्याने बेजार. मला आणून निजवलं तशी उठून बसली, निरखून बघितलं आणि म्हणाली, “काय गो, आर्धा तोंड कुटं इसरून आलीस?”

त्या दिवसांत मला हसवणारी ती पहिली. हसले आणि थुंकी उशीवर गेली. तिने आपल्या पदराने पुसली.

तिच्या छातीत शीळ वाजायची. दर श्वासाला एक बारीक, लांबची शीळ, कधी दोन सुरांची. डॉक्टर तिच्या पाठीला नळी लावून म्हणायचे, “अजून वाजतंय.” ती डोळे मिचकावून मला सांगायची, “माज्या छातीत नको तवा वाजते, नि तुज्या तोंडाला पायजे तर येत नाय. देवानं वाटनी चुकवली.”

दवाखान्याचा दिवस असा: पहाटे बोटाला सुई, मग गोळी, मग चहा (माझ्यासाठी बशीत आणि डाव्या बाजूने), मग डोळ्यात थेंब, मग डॉक्टर, मग पुन्हा बोटाला सुई. दुपारी सगळं थांबायचं. नर्सबाई उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, डावा आपला आपण मिटायचा, आणि मी कुठेतरी मधल्याच मुलखात जायची. झोपही नाही, जागही नाही.

त्या मुलखात सगळं शिळेनेच बोलायचं. पलीकडच्या इमारतीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची. ती म्हणायची, डाळ झाली, उठा. स्टेशनाच्या बाजूने गाडीचा भोंगा यायचा, आणि अर्धवट झोपेत मी रोह्याच्या गाडीत चढलेली असायची. गाडीत कुणी नाही. खिडकीबाहेर पाण्याने भरलेली खाचरं आणि त्यांतून चालणारं आभाळ. गार्ड शिट्टी वाजवायचा, पण गाडी हलायची नाही. तो खाली उतरून माझ्या खिडकीशी यायचा आणि अदबीने सांगायचा, “बाई, तुम्ही वाजवल्याशिवाय निघता येत नाही.” मी ओठ जुळवायची. उजवा कोपरा उघडाच. हवा जायची. गाडी तशीच उभी, पाऊस तसाच, आणि डोंगरातून तो कस्तूर पक्षी शीळ घालायचा. तो ओढ्याकाठी, पावसात, उनाड पोरासारखा घालतो ना, तशी. सूर धरतो, सोडून देतो, पुन्हा भलताच धरतो. मला इतका हेवा वाटायचा त्याचा. त्याला ना सून, ना सासू, ना नस.

मग हळूहळू पक्ष्याची शीळ बारीक होत जानकीच्या छातीतली व्हायची आणि मी जागी व्हायची. ती झोपलेली असायची, तिची छाती वाजत असायची. त्या आवाजाची मला धास्ती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, तो थांबला की धास्ती वाटायची.

मी घरी निघाले तेव्हा ती म्हणाली, “तोंड सरळ झाला की दाखवायला ये. नाय झाला तरी ये.”

*

घरी आल्यावर खरा आजार सुरू होतो, हे कुणी सांगत नाही. दवाखान्यात सगळेच वाकडे. घरी आपण एकटेच.

भेटायला येणारे माझ्या डाव्या गालाशी बोलायचे. एकीने जायफळ उगाळून आणलं, दुसरीने “वारं लागलंय” म्हणून कानाला फडकं बांधलं. वारं! मला मनातून हसू आलं. एकेकाळची मालकीण, आणि नोकराने तोंडात मारली.

आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. खिडकीतून मूर्ती दिसायच्या, रांगेने, रंग झालेल्या पण डोळ्यांची आखणी बाकी असलेल्या. संध्याकाळी मी त्यांच्याकडे बघत बसायची. त्यांचे डोळे अजून उघडलेले नाहीत, माझा एक मिटत नाही. कुणाचं काम आधी होतं बघू, असं मी त्यांना म्हणायची.

संदीप मनीषाशी तुटक बोलत होता. “थोडं लक्ष दिलं असतं” हे त्याचं वाक्य भांडी घासतानाही तिच्या पाठीवर पडायचं. ती उलट बोलायची नाही. एकदा माझ्या डोळ्यात थेंब घालताना तिचे स्वतःचेच डोळे गळायला लागले. “मी विचारायला हवं होतं नीट, आई. तुम्ही कवळी म्हणालात आणि मी ऐकलं.”

अशी सून समोर रडत असताना गप्प बसायला फार मोठं काळीज लागतं. माझं तेवढं नाही. मी संदीपला हाक मारली.

“तिला बोलू नको. दोन दिवस आधीच मला कळलं होतं. शीळ येईना झाली तेव्हा.”

“कसली शीळ?”

“माझी.”

मी खोटं बोलले याचं कुणाला काहीच नाही! मनीषा डोळे पुसत म्हणाली, “आई, तुम्ही शीळ घालता?” आणि तिला हसू फुटलं. संदीप हसला नाही. म्हणाला, “औषधाचे दोन दिवस घालवलेस तू. एका शिळेपायी.” ते खरं होतं. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मनीषाला चहा करून दिला. साखर विसरला, पण केला.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांनाही खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. “लवकर आला असतात तर बरं झालं असतं,” एवढंच म्हणाले. मग: “पण मग तुम्हाला व्यायाम शिकवायला नको. रोज आरशासमोर शीळ घालायचा प्रयत्न करायचा. सकाळ-संध्याकाळ.”

अशी गंमत. जन्मभर जी लपवली ती आता औषध म्हणून, दिवसातून दोनदा, घरच्यांच्या देखत! आणि ती येत नाही.

फुंकायची. गाल बोटाने वर धरून फुंकायची. आरशातली बाई कोपऱ्यातून हवा सोडायची आणि मी तिला म्हणायची, अगं, एवढी खळ्यावर मिरवत होतीस, आता दाखव ना. संदीपची पोर, माझी नात, शेजारी बसून मला सोबत म्हणून शीळ घालायची, तिची यायची. मी तिला थांबवलं नाही. घरात साप आला तर तिच्या आजोबांनी बघून घ्यावं.

आजोबा मात्र काहीच बोलत नव्हते. संदीपला मी सगळं सांगितलं तेव्हाही हे पेपरमागेच होते. निजायच्या वेळी माझ्या डोळ्यावर पट्टी चिकटवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. पट्टी कधी भुवईला चिकटायची, सकाळी काढताना केस उपटायचे. मी त्या एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत राहायची. पन्नास वर्षं सोबत राहिलेल्या माणसाला विचारू नये असा एक प्रश्न माझ्या वाकड्या ओठांवर यायचा, आणि तो काही मी विचारला नाही. औषधाने तोंड नाही आलं तर मी चालवून घेईन, पण यांना हे तोंड चालेल का, एवढंच मला कळायला हवं होतं.

*

आधी नाकपुडी आली. हसू नका, खरंच. शिंकताना उजवी नाकपुडी हलली आणि मनीषा ओरडली, “हलली! आई, हलली!” जणू नातवंड पोटात हललं. मग पापणी अर्धी उतरायला लागली. मग पाणी भांड्याने पिता यायला लागलं. गणपती डोळे उघडून घरोघर गेले, परतही गेले. शर्यत तेच जिंकले. माझा डोळा त्यानंतर मिटला, पूर्ण, आपोआप, दुपारच्या डुलकीत. कळलंही नाही मला.

ओठाचा कोपरा मात्र सगळा आला नाही. डॉक्टर म्हणाले, आता जेवढा आहे तेवढा धरून चालायचं. म्हणजे निकाल लागला. मी घरी येऊन थोडी रडले. उजवीकडून अश्रू जास्त आले. त्या बाजूला आता तशी सवय झाली होती.

त्यानंतरची एक सकाळ. ऊन पडलं होतं. मी देवासाठी जास्वंदी काढत होते. एका फुलावर मुंगी होती. देवाला मुंगीसकट फूल कसं वाहायचं, म्हणून मी फुंकर घातली. आणि शीळ वाजली.

अर्धी हवा, अर्धी शीळ. चढली नाही, जागच्या जागी थरथरली आणि संपली. मुंगी तिथेच होती. मी पुन्हा फुंकलं. पुन्हा आली. तशीच, फाटक्या काठाची.

मागे पायरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. वळले तर हे. दुधाची पिशवी खाली ठेवून पायरीवर बसले होते, चष्मा हातात.

“वाकडी हाय,” मी म्हटलं. शिळेबद्दल म्हटलं की तोंडाबद्दल, माझं मलाच कळलं नाही.

“ऐकली मी.” त्यांनी सदऱ्याने चष्मा पुसला. “आधी उंच जायची. लिंबाच्या वर.”

माझ्या हातातली फुलं तशीच राहिली. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“कधीचं. दूध घेऊन यायचो नि फाटकाभाईर उभा ऱ्हायचो. आत आलो असतो तर तू थांबली असतीस.”

“इतकी वर्षं?”

“पाळी सुटून यायचो तवापासून.”

मला राग आला. खरंच आला. आम्ही दोघं आपापल्या बाजूने एकच गोष्ट लपवत म्हातारे झालो होतो. “मग शीळ बंद झाली त्या दिवशी विचारलं का नाही? तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी कळलं असणार! दवाखान्यात माझ्याकडे बघून बाहेर निघून गेलात ते?”

त्यांनी चष्मा घातला, माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं, दोन्ही बाजूंकडे, आणि म्हणाले, “शीळ आली नाय तवा मला वाटलं तू रुसलीस, आदल्या दिशी मी भाजीला नावं ठेवली व्हती ना. डागदरानं फुंकायला लावली तवा कळलं, नि मग माझंच तोंड तुला दाखवंना. आता यापुढं रुसायचं असंल तरी शीळ घालून रुस गो.”